झालरीवरचं डांबर

अच्युतराव विजयकरांच्या ओट्यावर जसं छत होतं, तसं उभ्या गिरगावात दुसरं नव्हतं. बोटीवर नोकरीला असलेल्या भावाने ते पांढरंशुभ्र प्लास्टिक परदेशातून आणलं आणि बांबूंवर ताणून दिलं. दर रविवारी अच्युतराव स्टुलावर चढून ते रिठ्याच्या पाण्याने धूत, मलमलीच्या फडक्याने पुसत आणि बुरशीचा ठिपका दिसला की त्यावर लिंबू चोळत. इतक्या मायेने यांनी पोटच्या पोरीलाही कधी न्हाऊ घातलं नाही, असं कमळाबाई म्हणत.

त्या रविवारी मात्र ते स्टुलावर चढले आणि फडकं हातातच राहिलं. छताच्या पुढच्या झालरीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, डांबराने लिहिलं होतं, 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'.

एरवी त्यांची हरकत नव्हती. मोर्चात तेही घसा बसेपर्यंत हेच ओरडले होते. पण चार वाजता दादरहून कोठारे मंडळी सुमेधाला पाहायला येणार होती. मुलगा चांगला, आणि त्याचे वडील सचिवालयात बडे अधिकारी. सरकारी माणूस या झालरीखाली बसणार कसा? आधीची दोन स्थळं हातची गेली होती, हे त्यांना घालवायचं नव्हतं.

छताला रॉकेल लावू नकोस, असं भावाने बजावलं होतं. अच्युतरावांनी रॉकेलच लावलं. डांबर निघेना, नुसतं मऊ पडलं. तेवढ्यात समोरच्या दारात कुशाबा उभा राहिला. हा गृहस्थ सत्याग्रहात पंधरा दिवस आत जाऊन आलेला.

“काय अच्युतराव, घोषणा पुसताय?”

“छे रे, धूळ झाडतोय.”

कुशाबाने खुर्ची आणून दारातच ठाण मांडलं. मग अच्युतरावांना खरोखरच नुसती धूळ झाडावी लागली.

चारला कोठारे आले. मुलाच्या वडिलांना मानाची खुर्ची दिली, ती नेमकी झालरीखाली. त्यांनी पोह्यांची बशी हातात घेतली, तोच कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कोटावर वरून काळा थेंब पडला. पाठोपाठ दुसरा. कोठाऱ्यांनी मान वर करून सगळी ओळ सावकाश वाचली आणि हे कोणी लिहिलं म्हणून विचारलं.

अच्युतरावांनी वाडीतल्या वात्रट पोरांच्या नावाने बोटं मोडायला सुरुवात केली. सुमेधा आतून खोबरेल तेलाची वाटी घेऊन आली आणि कोटावरचा डाग पुसू लागली.

“बाबा, त्या पोरांना उगाच बोलू नका. मी लिहिलंय ते.”

ओट्याने आपल्याला पोटात घ्यावं, असं अच्युतरावांना झालं. कमळाबाई पदर तोंडाशी धरून उभ्या राहिल्या.

कोठाऱ्यांनी बशी खाली ठेवली. “तीस वर्षं सरकारी कागद लिहितोय,” ते हळूच म्हणाले, “पण मनातली ही एक ओळ लिहायची काही हिंमत झाली नाही. आमच्या घरात लिहिणारं कुणीतरी यायलाच हवं होतं.”

अच्युतरावांचे डोळे भरून आले. पोरीचा असा अभिमान त्यांना आजवर वाटला नव्हता.

“पण पुसायला कोण गेलं होतं हे?” कोठाऱ्यांनी पुन्हा वर, फिस्कटलेल्या अक्षरांकडे पाहत विचारलं. समोर कुशाबाने कान टवकारले.

सुमेधाने वडिलांकडे एकदा पाहिलं.

“कुणी नाही,” ती म्हणाली. “उन्हाने वितळलं.”