पाय कसे होते?

रखमाजी पाथरवट दगडाला 'अहो' म्हणत आणि माणसाला 'अरे'. "अहो, जरा या कुशीवर या," असं ते शिळेला विनवत. तेवढ्यात दारात कुणी जहागीरदार आला, तर "अरे, उजेडातून बाजूला हो," म्हणून त्याला हटवत. पुण्यात असं बोलणारे पुष्कळ आहेत, पण त्यांच्या दारी कुणी पुन्हा जात नाही. रखमाजींकडे जावंच लागे. मुठेकाठच्या चांगल्या समाध्या त्यांच्याच हातच्या.

मी सदाशिव पेठेतल्या एका सरदारांकडे कारकून. थोरले सरकार वारले. वर्षश्राद्धाआधी समाधी उभी राहावी, म्हणून धाकट्या सरकारांनी मला यादी देऊन रखमाजींकडे धाडलं: चार हत्ती, दोन वाघ आणि वर पादुका. थोरल्या सरकारांनी वाघ आयुष्यात एकदाच पाहिला होता, तोही मेलेला.

"हत्ती-वाघ हुतील," रखमाजी म्हणाले. "पाय कसे हुते त्यांचे?"

"पायांसारखे."

"ज्याचे त्याचे निराळे असत्यात, कारकुना. बोटं कशी, टाच कशी, इचारून ये. मग पादुकांना हात लावतो."

थोरल्या सरकारांच्या पाया रोज पन्नास माणसं पडत. पाय पाहिले मात्र कुणीच नव्हते. धाकटे सरकार म्हणाले, "सांग, प्रतापी होते."

मी तसं सांगितलं.

"एक परतापी बोट दाखव," रखमाजी म्हणाले.

श्राद्ध आठवड्यावर आलं. हत्ती झाले, वाघ झाले. पादुकांची शिळा कोरीच. मी चिडलो. "अहो, कुठलेही दोन पाय कोरा! कुणाला कळणार आहे?"

त्यांनी छिन्नी ठेवली आणि कोपऱ्यातली एक लहान शिळा दाखवली. तिच्यावर दोन जोडवी कोरली होती, नक्षीसकट. पाय नव्हते.

"आमच्या कारभारणीची. बावीस वर्सं या अंगणात वावरली. जोडवी घरात हायेत, ती बघून कोरली. पाय काय आठवंनात. मी आपला दगडाकडंच बघत बसलो."

मी वाड्यावर गेलो आणि थोरल्या बाईसाहेबांनाच विचारलं. दाराआडून त्या म्हणाल्या, "लेकाचे पाहा की! थेट त्यांचेच उचललेत."

दुसऱ्या दिवशी धाकटे सरकार रखमाजींकडे आले आणि जोडा काढून त्यांनी शिळेवर पाय ठेवला. दुसरं बोट अंगठ्यावर चढून बसलं होतं.

"हे तेवढं सरळ कोर," त्यांनी फर्मावलं.

"बापाचं बोट तू सरळ करनार व्हय रं?"

धाकट्या सरकारांनी वाकून स्वतःचं बोट पाहिलं. "आबासाहेबांचं असंच होतं?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"बाईसाहेब म्हणाल्या, थेट."

"मग राहू दे."

रखमाजी गेरूने पायाभोवती रेघ ओढू लागले आणि अर्ध्यावरच थबकले. मग उठले, गेरू आणि दोरी पंच्यात बांधली, डोक्याला मुंडासं गुंडाळलं.

"रखमाजी, कुठे निघालात?"

"धायरीला. लेक दिलीय तिथं. आईवर गेलीय म्हनत्यात समदे."

"आणि मी?" धाकटे सरकार एक पाय शिळेवर ठेवून तसेच उभे होते.

"तू हलू नगंस. सांजच्याला येतोच."