चोवीसशेचं माप

"आधी पाच किलो उतरवा, मग गुडघ्याचं ऑपरेशन. दोन महिन्यांनी या," असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा टेलरमास्तरांनी अशी मान हलवली, जणू पँटची उंचीच तेवढी कमी करायची होती.

गुडघा दुरुस्त होणं भाग होतं. गिऱ्हाइकाच्या पायाचं माप घ्यायला मास्तर खाली बसले, की त्यांना उठवायला गिऱ्हाईकच लागायचं. परवा एकाच्या खिशाला धरून उठायला गेले, तर खिसा हातात आला. दोन जुनी गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात जाऊ लागली होती.

मुलीने फोनवर रीत सांगितली. वजन, उंची, वय आणि अंगमेहनत यांवरून रोजच्या कॅलरी काढायच्या, त्यातून पाचशे वजा करायचे; उरेल तेवढंच खायचं. मास्तर कागद-पेन्सिल घेऊन कापायच्या टेबलाशी बसले. चौऱ्याऐंशी किलोचे त्यांनी शहाऐंशी धरले आणि उंचीत पाच सेंटिमीटर घातले.

"अहो, हे वाढीव कशाला?" बायकोने विचारलं.

"माया ठेवली. शिवणीत चार बोटं कापड जास्त असलेलं बरं. कमी पडलं तर आणायचं कुठून?"

वयाला मात्र त्यांनी माया ठेवली नाही. मेहनतीच्या रकान्यात 'अतिशय कष्टाचं काम' लिहिलं. पाचशे वजा करून वर पंचाहत्तरची शेवटची माया सोडली, आणि आकडा खडूने भिंतीवर लिहिला : चोवीसशे.

"एवढं तर तुम्ही आत्ताही खात नाही!"

"अंदाजाने खात होतो, म्हणून तर ही दशा. आता सगळं मापात."

आणि मास्तर मापात खाऊ लागले. भात तराजूवर, शेंगदाणे मोजून. संध्याकाळी बेरीज दोन हजारांवर थांबली, की पोट नको नको म्हणत असताना ते दोन केळी आणि पेलाभर दूध घशाखाली ढकलायचे.

"नसेल जात तर राहू द्या ना," बायको म्हणायची.

"वजन उतरवायचं म्हणजे त्रास होणारच," मास्तर डोळ्यांत पाणी आणून म्हणायचे. "मी हटणार नाही."

मध्ये वजन करून बघायला त्यांनी साफ नकार दिला. अर्धवट शिवलेल्या कोटावरून गिऱ्हाइकाने मत देऊ नये, असं त्यांचं म्हणणं. स्वतःची पँट कमरेला काचू लागली, तेव्हा बोलता बोलता शिवण उसवून त्यांनी ती सैल केली. हात आपले सवयीने चालले. डोक्याला पत्ता नाही.

दोन महिन्यांनी दवाखान्यातल्या काट्यावर सत्त्याऐंशीचा आकडा आला.

"काटा बिघडलाय," मास्तर म्हणाले.

डॉक्टरही काट्यावर उभे राहून आले. काटा ठीक होता. मग त्यांनी कॅलरींच्या हिशेबाचा कागद मागितला आणि वाचता वाचता चष्मा काढला. "हे अतिशय कष्टाचं काम कोणतं?"

"दिवसभर मशीन चालवतो."

"मशीनला मोटर बसवून अकरा वर्षं झाली," बायको म्हणाली. "आणि वजनात, उंचीत, सगळीकडे माया सोडलीय ती वेगळीच."

डॉक्टरांनी तिथल्या तिथे नवा हिशेब केला. चौदाशे आले. मास्तरांचा चेहरा उतरला. अंगावरचं तेवढंच काय ते उतरलं.

"म्हणजे मी हजार जास्त खात होतो? तेही रडत रडत?"

"आणि गंमत सांगू? खरं तर तीन किलो उतरले असते तरी मी ऑपरेशन केलं असतं. पण लोक सांगितल्यापेक्षा दोन किलो कमीच उतरवतात, म्हणून मी पाच सांगतो."

मास्तरांनी डॉक्टरांकडे नीट निरखून पाहिलं. मग बोटं मोजली. चौऱ्याऐंशीतून तीन गेले, एक्क्याऐंशी. सत्त्याऐंशीवरून तिथे यायचं म्हणजे सहा.

"पुन्हा दोन महिने द्या, डॉक्टरसाहेब. या खेपेला एक शेंगदाणा इकडचा तिकडे होणार नाही. किती उतरवू तेवढं सांगा."

डॉक्टरांनी पेन उचललं, क्षणभर विचार केला आणि लिहिलं : आठ किलो.

बायको काही बोलणार, तोच मास्तरांनी तिला हाताने थांबवलं. कागदाची नीट घडी घालून ते आदराने म्हणाले, "बरोबर आहे. मी असतो तर नऊ लिहिले असते."