बसणाऱ्यांच्या मोजणीची हकिकत

रानच्या देवाला दंडवत, गडाच्या देवीला दंडवत, ऐकायला बसलेत त्या थोरामोठ्यांना रामराम. शके सोळाशें ब्याण्णव, विकृतिनाम संवत्सर, ते सालापासोन एका राज्यात जें जाहलें तें सांगतों, राज्याचें नांव पुसूं नये. महाराजांचे मनीं आलें कीं डोंगरपट्टीच्या पाड्यांवर जे लुळे, आंधळे, बहिरे असतील त्यांस सरकारांतून चाकांचा पाट, कुबडी, जें लागेल तें द्यावें. हुकूम मोठा चांगला, आणि मग रखमाजी कारकून घोड्यावर बसोन वर गेले. पाड्याचे म्हातारे पुढारी शिदवाबाबा, त्यांस पुसिलें, "लुळे, आंधळे किती?" शिदवाबाबा म्हणाले, "नाय बा, आमच्यात तसलं कोनी नाय. बसणारी एक हाय, ऐकणारे दोन." आतां डोंगरांत रीतच अशी कीं माणसास उणें नांव देत नाहींत, पाय नसला तो बसणारा, डोळे नसले तो ऐकणारा. रखमाजी हंसले, म्हणाले, "बसणारे तर आमचे दरबारांत खंडीभर आहेत!" आणि कागदावर लिहिलें, कोणी नाहीं. सतरा पाडे फिरले, सतरा वेळां लिहिलें कोणी नाहीं, आणि मग त्यावर महाराजांचा शिक्का उठला. शिक्का उठला कीं गडावर तेंच खरें.

ती बसणारी म्हणजे सुकरी. तिचा भाऊ लाडक्या तिला पाठीवर घेऊन नदीवर, रानांत न्यायचा. पण त्याची कंबर धरूं लागली, आणि सुकरीला कळून चुकलें कीं ह्याची पाठ गेली कीं आपण झोपडीत पडून संपलों. मग पाट मागायला दोघें गडावर आलीं. दरवाजावरला पहारेकरी लाडक्यास म्हणतो, "काय रे, पाठीवर कांहीं नाहीं आणि वांकून कशाला चालतोस?"

लाडक्या म्हणाला, "बहीण हाये ना माझी!"

"कुठं आहे? भांग घेतलीस काय सकाळीं सकाळीं?"

सुकरी ओरडली, "अरं मुडद्या, ही काय मी!" पहारेकऱ्यानें नुसती मान खाजवली, जणूं माशी बसली. लाडक्यानें तिला चौकांत भिंतीशीं ठेवलें आणि दाद मागायला वळला, तर त्यास वेडा म्हणोन हांकून दिलें. मग सुकरी एकटी. चौक रिकामा, पण घोडे त्यांतून जाईनात, कान पाडून कडेनें जायचे, आणि भर दुपारी तिथें गारवा. तिसरे दिवशीं तिच्या शेजारी कोणी खोकलें. पाहते तों एक म्हातारी बसलेली, तिच्यापुढें आणिक, त्यापुढें आणिक.

म्हातारी म्हणाली, "तुझा कितवा दिस, बाय?"

"तिसरा."

"माझा दुसरा पावसाळा. भूक लागती का तुला अजून?"

"लय लागती."

"बरं हाय मग. ती गेली का आपण इथलंच होतो."

 सांजेपर्यंत सुकरीनें पोट दाबून दाबून पाहिलें, भूक आहे ना, आहे ना. दुसरे दिवशीं ती कमी वाटली. तेवढ्यांत दफ्तरदार विसाजीपंत भिंतीला हात लावीत आले आणि त्यांचा पाय तिच्या बोटांवर पडला. "अगाई! लागलें काय गे?" असें ते बोलले, आणि सुकरीनें त्यांचें धोतर घट्ट धरलें.

"आजा, तुमी ऐकणारं का?"

पंत तिच्या कानाशीं वांकले. "हळू बोल! डोळे गेले हें कळलें तर लेखणी काढून घेतील."

"आमच्यात ऐकणाऱ्याला बांधावर बसवत्यात. पानी कुठं फुटलं ते तोच सांगतो. तुमच्यात लपवत्यात व्हय?"

पंतांनीं चौकाकडे कान दिला, तों जिकडे तिकडे खोकले. मग सरळ महाराजांपुढें जाऊन म्हणाले, "महाराज, आम्हांस दिसत नाहीं, सालभर दिसत नाहीं. म्हणोनच चौकांत माणसें आहेत हें कळलें. पाड्यावर आंधळ्यास ऐकणारा म्हणतात; आम्ही पुसलें तेंच चुकलें."  महाराज म्हणाले, "कसें पुसावें तें तुम्हीच सांगा." पंतांनीं सांगितलें तसा हुकूम जाहला: पाड्याची मोजणी पाड्याच्याच माणसानें करावी, त्यांच्याच शब्दांत लिहावी, आणि काय उणें हें न पुसतां काय लागतें हें पुसावें.

शिक्का कागदावर टेकला आणि पहारेकऱ्याच्या हातून भाला पडला. चौक माणसांनीं भरलेला. पायरीवर, हौदाच्या कांठीं, त्याच्या स्वतःच्या पायांपाशीं, सगळे बसलेले, सगळे त्याच्याकडे पाहत. सुकरीनें पहिला शब्द काढला तो "भाकर." चोवीस जणांनीं भाकर घेतली. पांच जणांनीं घेतली नाहीं, ती म्हातारी त्यांत. हात लावला तर बोटांना नुसता गारवा.

एणेंप्रमाणें जाहलें. चोवीसांस पाट, कुबड्या पोंचल्या, सुकरी आपल्या पाटावर नदीस जाऊं लागली, लाडक्याची पाठ वांचली. पंत दफ्तरीं राहिले, ऐकणारे म्हणोन. त्या पांचांचे पाटही सुतारानें केले. पंत म्हणाले, आलीं होतीं तीं, मागितलें होतें त्यांनीं. ते पाट चौकांत आहेत. घोडे अजून कडेनें जातात.