बदकाला डिवचा आणि आत या

अंतिम सामना सुरू व्हायला चहा गार होण्याइतकाच वेळ उरला होता, आणि नेमकी तेव्हाच खेळाच्या दारात खोटी गर्दी लोटली. साहेबांनी केबिनच्या काचेवर आतून अशा काही थापा मारल्या की बाहेर बसलेल्या दरवानाच्या हातून माउस निसटला.

दरवान म्हणजे फाटकाशी गणवेशात बसणारा नव्हे हं! कंपनीच्या ऑनलाइन खेळाचे सर्व्हर सांभाळणारा तो चांगला शिकलासवरलेला इंजिनीअर. पण दिवसभर 'ह्याला आत घे, त्याला हाकल' एवढंच करायचा, म्हणून ऑफिसनं त्याचं हे नाव पाडलं होतं. आणि खोटी गर्दी म्हणजे कुठल्याशा टवाळ टोळक्यानं यंत्रांकरवी धाडलेले हजारो बनावट खेळाडू. ते खेळत नाहीत, बोलत नाहीत, नुसते दारात कोंबाकोंबी करतात. खरा खेळाडू बाहेर ताटकळतो आणि शेवटी सर्व्हर मान टाकतो.

मागच्या सामन्यात त्यानं मान टाकलीच होती. तेव्हा साहेब म्हणाले होते, "पुन्हा खेळ बंद पडला ना, तर तू घरी!" दरवानाच्या घरी सध्या सासूबाई मुक्कामाला होत्या. त्यामुळे ही धमकी त्याला जरा जास्तच लागली होती.

"अरे, बघत काय बसलायस? हाकल ना त्यांना!" साहेब केबिनबाहेर धावत आले.

"कुणाला हाकलू, साहेब? खरे-खोटे सगळे सारखेच दिसतायत."

"मग ओळख! तेवढ्यासाठीच ठेवलंय तुला!"

दरवानाला दरदरून घाम फुटला. त्यानं असहायपणे शेजारी पाहिलं. शेजारी चित्रकार बाई बसायची. तिनं खेळातल्या तळ्यासाठी एक गुबगुबीत बदक काढलं होतं आणि 'महायुद्धात बदक कशाला?' म्हणून साहेबांनी ते नाकारलं होतं. तरी ती हौसेनं त्याचे पंख रंगवत होती. दरवानानं सहज तिच्या पडद्यावरच्या त्या बदकाला बोट लावलं. बदक "क्वॅक!" करून रुसलं आणि पाठ फिरवून बसलं. दरवानानं पुन्हा डिवचलं.

"ए, कशाला छळतोस त्याला?" बाई खेकसली.

"राहवत नाही गं!" तो म्हणाला, आणि दुसऱ्याच क्षणी खुर्चीतून ताडकन उठला. "राहवत नाही! कुणालाच राहवणार नाही! माणूस असेल तर डिवचणारच. यंत्र कशाला डिवचेल?"

मग काय विचारता! त्यानं दाराबाहेर घाईघाईनं एक वेटिंग रूम उभी केली आणि तिच्या मधोमध बदक बसवलं. जो बदकाला डिवचेल तो माणूस, त्याला 'आत या' असं बटण दिसेल. जो नुसताच धक्के मारेल तो बनावट, त्याला बाहेरचा रस्ता.

बघता बघता खोटी गर्दी पाचोळ्यासारखी उडाली. सर्व्हर ताठ उभा राहिला. साहेबांनी दरवानाला मिठी मारली, चित्रकार बाईलाही मारणार होते, पण तिच्या हातात पडद्यावर रंगवायची टोकदार पेन्सिल होती. मग ते माईक घेऊन गरजले, "वीरहो! रणांगणात स्वागत असो!"

रणांगणात चिटपाखरू नव्हतं. एकटा ड्रॅगन जांभया देत बसला होता.

"लोक कुठायत?" साहेबांचा आवाज चिरकला.

दरवानानं वेटिंग रूममध्ये डोकावून पाहिलं. सगळे तिथंच होते. हजारो खरेखुरे, हाडामांसाचे खेळाडू बदकाला डिवचत होते. 'आत या' बटण बिचारं लुकलुकून थकलं होतं. अंतिम सामन्याचे दोन्ही योद्धेही त्याच गर्दीत होते. साहेबांनी त्यांना आवाज दिला, तर एकानं लिहून पाठवलं, "थांबा हो, ते माझ्यावर रुसलंय. समजूत काढतो आणि आलोच."

इतक्यात दरवानाचा फोन वाजला. सासूबाई!

"जावईबापू, तुम्ही करता तरी काय ते बघावं म्हणून आज शिरले हो तुमच्या खेळात. गोड आहे अगदी! पण हे खातं काय?"

"आई, ते बटण दाबून आत जा ना!"

"आत काय आहे?"

"ड्रॅगन आहे, युद्ध आहे..."

"नको बाई, मी बाहेरच बरी."

साहेब ओरडले, "काढ ते बदक! आत्ताच्या आत्ता!"

दरवानानं काढलं. आणि मग जे झालं ते कुठल्या टोळक्याच्या स्वप्नातही आलं नसतं. बदक कुठं गेलं म्हणून एकूण एक माणूस पान पुन्हा पुन्हा उघडू लागला. खऱ्या माणसांचा हल्ला! त्याला कोण अडवणार? सर्व्हर धापा टाकायला लागला, पडद्यावरचे आकडे लालभडक झाले. दरवानाला डोळ्यांपुढे आपली नोकरी गचके खाताना दिसली.

"ठेव! ठेव परत!" साहेब स्वतःच किंचाळले.

बदक परतलं आणि सगळं शांत झालं. पण ही बातमी बाहेर पसरायची थोडीच राहते! एकानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं चौघांना. माणसांचे लोंढे येऊ लागले. घटकाभर टेकायला म्हणून बांधलेली ती इवलीशी वेटिंग रूम काठोकाठ भरली.

"साहेब, बदकाला रांग लावावी लागणार," दरवान चाचरत म्हणाला. "एका वेळी थोडेच आत सोडू. पण बाकीच्यांना तोवर कशात तरी गुंतवायला हवं. नाहीतर पुन्हा धडका मारतील."

"कशात गुंतवणार?"

दरवानानं चित्रकार बाईकडे पाहिलं. मग दोघांनीही हळूच नजर रणांगणाकडे वळवली.

साहेबांना ते कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ते मटकन खुर्चीत बसले. उमेदीची सारी वर्षं त्या ड्रॅगनच्या एकेका खवल्यात घातली होती हो त्यांनी! वाईट वाटणारच. पण लाल आकडे पुन्हा चढू लागले होते. "कर काय करायचं ते," ते पुटपुटले.

दरवानानं दोन दारांची अदलाबदल केली: आधी रणांगण, मग नंबर आला की बदक. लोक धो धो रणांगणात कोसळले. तलवारी खणखणल्या, किल्ले ढासळले, अंतिम सामना तर असा रंगला की साहेब खुर्चीवर उभे राहून टाळ्या पिटू लागले. सर्व्हर तसूभरही हलला नाही. साहेबांनी भरल्या डोळ्यांनी दरवानाची पाठ थोपटली आणि म्हणाले, "तुला कोण काढतो ते बघतोच मी!"

अखेर ड्रॅगन कोसळला. साहेबांनी माईक उचलला. "हे महावीरा! सगळ्या जगाला सांग, या क्षणी तुझ्या मनात काय आहे?"

विजेत्यानं तलवार म्यान केली.

"माझा नंबर आला का?"