फाटकाची दुसरी पट्टी

सुरी घडवायला फार अक्कल लागत नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो! लोखंड लाल करा, ठोका, पाणी द्या, धार लावा. झालं!

लोखंडही घरचंच होतं. वडिलांचं घर विकताना फाटकाच्या दोन पट्ट्या मी काढून आणल्या होत्या. त्या विक्रीवरून वाजलं, तेव्हापासून माझा थोरला भाऊ माझ्याशी बोलत नव्हता. दोन सुऱ्या करायच्या, एक दादाला पाठवायची. बाबांच्या फाटकाची सुरी हातात आल्यावर तो न बोलून जातो कुठे?

"अहो, ही पट्टी इतकी चकाकते कशानं?" बायकोनं विचारलं.

"बाबांच्या पुण्याईनं!"

भट्टीतून पांढराशुभ्र धूर निघाला. मी तो धुपासारखा भक्तिभावानं छातीत भरून घेतला.

संध्याकाळी सुरी तयार आणि मी आडवा! दात वाजताहेत, तोंडात गोडसर धातूची चव. बायकोनं घाबरून आधी दादाला फोन केला, मग डॉक्टरांना.

डॉक्टर आधी पोचले. "जस्ताचा मुलामा जाळलात? नशीब थोडक्यात निभावलं. उद्या ताप उतरेल. पुन्हा हा उद्योग कराल तर खरंच जाल!"

ते जिना उतरले आणि दादा वर आला. मी बायकोला डोळ्यांनीच दटावलं, आणि मरायला लागलो.

दादानं माझा हात धरला. इतक्या वर्षांनी! त्याचे डोळे वाहत होते.

"दादा," मी क्षीण आवाजात म्हणालो, "हा देह म्हणजे भाड्याची खोली..."

"गप. मरताना तरी कीर्तन नको."

मग टेबलावरची सुरी उचलून तो सफरचंद कापू लागला. पातं सालीवरच वाकलं.

"अरे हळू! दाबू नकोस!" मी ताडकन उठून बसलो.

दादानं वाकलेलं पातं उजेडात धरून पाहिलं.

"डॉक्टर जिन्यात भेटले," दादा म्हणाला. "म्हटलं, बघू तरी, किती वेळ मरतोस."

"मग रडत कशाला होतास?"

"ते भेटायच्या आधीचं उरलं होतं."

वाकडी सुरी खिशात घालून तो गेला. त्यानंतर त्याचा फोन नाही. मी केला तर उचलत नाही.

दुसरी पट्टी खाटेखाली आहे. झाडताना बायको दर वेळी विचारते, "भंगारात देऊ का हो?"

"राहू दे," मी म्हणतो. "अडीअडचणीला असावी."