जीप भरली

"मामा, बाळ दूध ओढंना," असं सून निकितानं सकाळी सातला दारात येऊन सांगितलं, तेव्हा कारभारीआबा ओट्यावर चहा पीत होते, आणि हातातला चहा संपल्याशिवाय कुठल्याच गोष्टीचा निर्णय घ्यायचा नाही हा त्यांचा चाळीस वर्षांचा शिरस्ता होता.

"ओढंल की. जरा ऊन तरी वर येऊ दे," आबा म्हणाले.

आबा घाईचं माणूस नव्हते. गावात बांधाचा वाद असो की सोयरिकीची बैठक, आबांना बोलावणं यायचं. मग आबा आणखी चार जणांना बोलावायचे, चौघांचं ऐकून घ्यायचे आणि पाचवा चहा झाला की निर्णय द्यायचे. तो निर्णय सहसा बरोबर निघायचा, कारण तोवर भानगड आपोआप मिटलेली असायची. त्यामुळे आबांचा शब्द म्हणजे शब्द, असा पंचक्रोशीत लौकिक झाला होता.

आणि हे बाळ म्हणजे आबांची सहा दिवसांची नात होती. मुलाच्या, ज्ञानूच्या, लग्नाला चार वर्षं झाल्यावर घरात पाळणा हलला होता. आबा दिवसातून दहा वेळा खोलीत जायचे, तिच्या मुठीत आपलं बोट द्यायचे आणि येईल त्या पाहुण्याला दाखवायचे, "पकड बघा. आत्तापास्नं कासरा धरायची तयारी हाय!" आदल्या दिवशीच पाचवीची पूजा झाली होती, त्यामुळे घर पाहुण्यांनी गच्च भरलं होतं आणि बोट दाखवून दाखवून आबांचं बोटही दुखायला लागलं होतं.

अर्ध्या तासानं निकिता पुन्हा आली. "मामा, पाय गार लागत्यात. उठवलं तरी डोळं उघडंना. रुपालीताईंनी सांगितलंय, यातलं एक जरी दिसलं तरी वाट बघायची न्हाई, थेट दवाखाना गाठायचा. त्यो कागद लावलाय बघा त्यांनी."

आशाताई रुपालीनं बाळंतिणीच्या खोलीबाहेर भिंतीवर कागद लावला होता खरा. पण तो नेमका आबांच्या खुंटीखाली आला होता आणि त्या खुंटीला गेले सहा दिवस आबांची टोपी आणि सदरा लटकत होता. कागदाची सगळ्यात वरची ओळ तेवढी बाहेर दिसायची. तीत बाळ-बाळंतिणीला शुभेच्छा दिलेल्या होत्या.

आबा आत गेले. नातीच्या तळव्याला हात लावला. तळवा खरंच गार होता. मग नेहमीसारखं मुठीत बोट दिलं, तर मूठ वळलीच नाही. आबा घाबरले. पण घाबरलं की चार माणसं बोलवायची, हीच तर आबांची जन्मभराची सवय होती.

पहिल्या आल्या आबांच्या थोरल्या बहीण आक्काबाई. आठ स्वतःची आणि गावातली पन्नासेक बाळंतपणं त्यांच्या हातून झाली होती.

"कुटं चाललाय दवाखान्यात? बारा दिवस बाळंतीण उंबऱ्याबाहेर काढायची न्हाई," त्यांनी बजावलं. "काल सटवाई येऊन गेली. पोर रातभर तिच्यासंगं खेळली आसंल, आता दमून झोपली."

दुसरे राधाकृष्ण. हे जनावरांच्या दवाखान्यात तीस वर्षं मलमपट्टी करून निवृत्त झाले होते. त्यांनी बाळाला चारी बाजूंनी न्याहाळलं, पोटावर दोन बोटं वाजवली आणि विचारलं, "उभी ऱ्हाती का?"

"आवं, सहा दिसांची हाय ती!" निकिता म्हणाली.

"तसं न्हवं. वासरू पहिल्याच दिशी ऱ्हातं, म्हनून इचारलं."

तिसऱ्या आबांच्या बायको बनुबाई. त्यांना काल आलेल्या पाहुण्यांपैकी एकीच्या नजरेचा संशय होता, पण ती पाहुणी समोरच बसलेली असल्यानं त्यांना नाव घेता येईना. त्यांनी गुपचूप मीठ-मोहऱ्या ओवाळून ओसरीतल्या चुलीत टाकल्या. असा काही धूर झाला की अख्ख्या घराला ठसका लागला. आक्काबाई खोकल्या, राधाकृष्ण शिंकले, ती पाहुणी तर डोळे पुसत अंगणात पळाली.

निकिता बाळाला घेऊन मागच्या दाराशी उभी होती. तिनं आता आवाज चढवला नाही, फक्त म्हणाली, "इतका गोंधळ झाला, मामा. ह्या पोरीनं पापनी हलवली न्हाई."

आबांनी हातातला कप खाली ठेवला. त्यात अजून अर्धा चहा होता. बनुबाईंनी तो कप पाहिला आणि त्या गाठोडं बांधायला धावल्या, कारण लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, त्यांनी आबांचा अर्धा चहा कधी बघितला नव्हता.

"दवाखान्यात न्यायचं," आबा म्हणाले.

ज्ञानूनं अॅम्ब्युलन्सला फोन लावतो म्हणून मोबाईल काढला. पण त्यांच्या खोऱ्यात रेंज नव्हती. ती घाट चढून खिंडीत गेल्यावर मिळायची. "खिंडीपातूर गाडीनंच जायचं, तर मंग तसंच अकोल्याला जाऊ की," आबा म्हणाले, आणि अंगदची जीप दारात बोलावली.

अंगदबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. अकरा वर्षं तो गाव ते अकोले जीप चालवत होता आणि त्याचे नियम दोनच होते. जीप भरल्याशिवाय हलायचं नाही आणि भरली की क्षणभर थांबायचं नाही. चौदावं माणूस चढलं की तो पत्र्यावर थाप मारायचा, "भरली!" म्हणून ओरडायचा आणि तेराव्याचा पाय आत आलाय की नाही हेही न बघता सुटायचा.

"आख्खी गाडी आपलीच हाय," आबांनी त्याला सांगितलं. अंगदनं मान हलवली. पण अकरा वर्षांची सवय एका वाक्यानं जात नाही.

आता कोण कोण जायचं? आक्काबाई म्हणाल्या, "डॉक्टरीनीला काय सांगायचं त्ये तुमाला जमायचं न्हाई," आणि चढल्या. राधाकृष्णांना औषधांची नावं कळायची, ते चढले. बनुबाई दुपटी, झबली आणि गोधडीचं भलंमोठं गाठोडं पोटाशी धरून चढल्या. पाच पाहुण्यांना नाहीतरी अकोल्यालाच उतरायचं होतं. शेजारचे दोघं आबांना आधार म्हणून निघाले आणि त्या दोघांना आधार म्हणून त्यांच्या बायका. ज्ञानूनं मधल्या बाकावर निकितासाठी रुमाल टाकून जागा धरली होती, पण गर्दी सरकत सरकत त्याला पार मागच्या दारापाशी घेऊन गेली आणि त्या रुमालावर एक पाहुणे बसले. आबा पुढं अंगदशेजारी बसले.

घरात निकिता रुपालीनं शिकवल्याप्रमाणे बाळाला उघड्या छातीशी घेऊन वरून शाल गुंडाळत होती. तिनं कानाला फडकं बांधलं, दवाखान्याचं कार्ड घेतलं आणि ती उंबऱ्यात आली. तेवढ्यात बाहेर पत्र्यावर थाप बसली.

"भरली!"

आणि जीप सुटली.

घाट लागला तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढच्यांना वाटत होतं निकिता मधल्या बाकावर आहे, मधल्यांना वाटत होतं ती आबांजवळ पुढं बसली आहे आणि मागं लोंबकळणाऱ्या ज्ञानूला पाहुण्यांच्या पाठीखेरीज काहीच दिसत नव्हतं. पहिल्या वळणावर मागून कर्कश हॉर्न वाजला आणि दुधाचा टेम्पो किटल्या खडखडवत त्यांना मागं टाकून पुढं निघून गेला.

"काय घाई हाय ह्या सूर्यभानला!" आबा चिडून म्हणाले. "दूध काय पळून चाललंय?"

"पळत न्हाई, आबा, नासतं," अंगद म्हणाला. "त्यो कुनासाठी थांबत न्हाई. सख्ख्या सासऱ्याला रस्त्यात हात करत ठिवलं हुतं त्यानं."

आणखी दोन वळणं गेली. आबांनी मान न वळवताच विचारलं, "पोरीचा आवाज न्हाई आला."

मधल्या बाकावरून आक्काबाईंनी समाधानानं उत्तर दिलं, "झोपली आसंल. गाडीच्या हिसक्यानं गाढ झोप लागती."

"ल्येकरू निवांत हाय म्हंजे उतार पडला," राधाकृष्णांनी निदान केलं.

"मंग दवाखाना कशाला?" एक पाहुणे म्हणाले. "खिंडीतनं मागं फिरायचं का?"

झालं, जीपमध्ये बैठक बसली. सात जण मागं फिरा म्हणणारे निघाले, पाच जण आता आलोच आहोत तर दाखवून येऊ म्हणणारे, आणि एकानं अकोल्यात बी-बियाणाचं काम काढलं. आबांनी हात वर केला. "थांबा. ठरवायच्या आदी मला पोरीचं तोंड बघू द्या. आना तिला पुढं."

"आना म्हंजे? तुमच्याच मांडीवर हाय न्हवं?" आक्काबाई म्हणाल्या.

"माझ्या मांडीवर टोपी हाय," आबा म्हणाले.

मग बनुबाईंच्या पोटाशी धरलेल्या गाठोड्याकडे सगळ्यांचे डोळे गेले. ते हातोहात पुढं आलं. आबांनी ते सोडलं. आत एक गोधडी, सहा दुपटी, तीन झबली आणि काजळाची डबी होती.

"सूनबाई कुटंय?" आबा ओरडले. "अंगद, गाडी फिरव!"

"घाटात कुटं फिरवू? वर खिंडीतच फिरंल."

बनुबाईंनी डोळ्यांना पदर लावला. ज्ञानू मागून "थांबवा, मी पळत जातो!" म्हणून ओरडत होता. मुठीत न वळलेली ती इवलीशी बोटं आबांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं, की आपण इतक्या वेळा इतक्या लोकांना काय विचारत बसलो?

चौदा माणसांच्या ओझ्यानं रांगत रांगत तासाभरानं खिंड आली. रेंज आली. आणि आबांच्या खिशातला मोबाईल वाजला.

"मामा, मी निकिता. दवाखान्यात पोचलो आमी. बाळाला आत घेतलंय, सलाईन लावलंय. घाट वाईट हाय. तुमी सावकाश या."

सावकाश कसले येतात! अंगदनं त्या दिवशी जीप अशी हाणली की एका पाहुण्यांचं बी-बियाणाचं दुकान मागं राहिलं आणि ते शेवटपर्यंत उतरू शकले नाहीत.

दवाखान्याच्या दारात दुधाचा टेम्पो उभा होता. भरल्या किटल्या उन्हात तापत होत्या आणि सूर्यभान पायरीवर बसला होता.

"तुमची सून रस्त्याच्या मधोमध हुबी ऱ्हायली, आबा," तो म्हणाला. "हॉर्न दिला, हाललीच न्हाई. म्हनली, घाला अंगावर न्हाईतर घ्या आत."

"आन् दूध?"

"नासू द्या. बाळाचं कळल्याबिगर जाववंना."

आतून डॉक्टरीणबाई आल्या. समोर चौदा माणसं बघून दचकल्या. "इतके सगळे पेशंटबरोबर आलात?"

"मागनं आलो," ज्ञानू पुटपुटला.

"बाळाच्या अंगात जंतुसंसर्ग झालाय आणि अंग गार पडलं होतं. उपचार सुरू केलेत, बाळ साथ देतंय. आईनं छातीशी धरून आणलं ते फार चांगलं केलं. अजून दोन-तीन तास घालवले असते, तर मला काही सांगता आलं नसतं. वेळेवर आणायचं कुणी ठरवलं?"

आक्काबाईंनी तोंड उघडलं. राधाकृष्णांनी घसा साफ केला. पण आबा बोलले, "तिच्या आईनं. आमी चौदा जन नुसते बसलो."

त्या संध्याकाळी आबा कपडे न्यायला घरी आले, तेव्हा त्यांनी आधी खुंटीवरचा सदरा काढला. मग खुंटीच उपटून दुसऱ्या भिंतीला ठोकली आणि नाक लावून तो कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. बनुबाईंनी विचारलं, "चहा टाकू?" आबा म्हणाले, "मंग टाक. वाचून हू दे."

दवाखान्यातल्या नवव्या दिवशी बाळाला घरी सोडलं. ती आता दूध ओढत होती, मोठ्यानं रडत होती आणि आबांचं बोट पकडलं की सोडत नव्हती. अकोल्याच्या स्टँडवर अंगदची जीप लागली होती. आबांनी मधल्या बाकावर निकिताला बसवलं, तिच्या कुशीत नात दिली, शेजारी ज्ञानूला बसवलं. बाजाराहून परतणारी गावची दहा-बारा माणसं पिशव्या सावरत पुढं आली. आबा दारात आडवे उभे राहिले आणि त्यांनी पत्र्यावर थाप मारली.

"भरली! हान."

अंगदनं मागं वळून बघितलं. "आबा, अडीच शीटं हायेत!"

"लई झाली."

"आन् तुमी?"

आबांनी स्टँडपलीकडे रिकाम्या किटल्या घेऊन निघालेल्या सूर्यभानच्या टेम्पोला हात केला. टेम्पो थांबला.

"मी दुधाच्या गाडीनं येतो," आबा टोपी सावरत म्हणाले. "मला जरा घाई हाय."