ऐतिहासिक ओल

सकाळी उठल्यावर शिवणमावशी आधी भिंतीवर तळहात टेकवत. भिंत कोरडी लागली, की दोन पलंगांमधल्या अरुंद वाटेतून स्टोव्हपर्यंत जाऊन पाणी तापत ठेवत, शिलाई मशीनवरचे फडके काढत आणि सासूबाईंना बसते करून त्यांच्या पाठीशी उशी देत. सासूबाई एक लांब श्वास घेऊन पाहत. तो छातीत कुठे न अडकता आत गेला, तर म्हणत, "आहे गं मी अजून." गेल्या हिवाळ्यापासून हा क्रम रोज सुरळीत चालू होता.

त्याआधी ती भिंत बारा महिने ओली असे. मावशींनी इमारतीच्या कार्यालयाकडे वारंवार तक्रार केली. दर वेळी रीतसर पाहणी झाली आणि दर वेळी इमारतीत ओल नसल्याचे निष्पन्न झाले. भिंतीवर दिसणारे पाणी भाडेकरूंच्या श्वासोच्छ्वासातून साचते, तरी तो त्यांनी बेताने करावा, असेही एकदा सुचवण्यात आले. शेवटी मावशींनी शाळेच्या गणवेशांचे जादा काम घेतले, त्या कमाईतून वरचा फुटका पाइप बदलून घेतला आणि भिंत खरवडून स्वतःच्या हाताने प्लास्टर केले.

इमारतीचे मालक तरुणपणी एका बॅगेनिशी परदेशातून या शहरात आले होते. आता निम्मे शहर त्यांनी बांधलेले होते आणि उरलेल्या निम्म्यात त्यांच्या नावाचे दवाखाने, वाचनालये आणि बागा होत्या. इथले पहिले वर्ष त्यांनी मावशींच्या याच खोलीत, सहा जणांच्या दाटीत काढले होते. प्रत्येक सत्कारात ते सांगत, "त्या खोलीच्या भिंतीवर ओलीचा एक डाग होता. हुबेहूब माझ्या मायदेशाच्या नकाशासारखा. त्याच्याकडे बघत मी शपथ घेतली, की माणसाला अशा भिंतींत राहावं लागता कामा नये." इथे सभागृह उभे राहून टाळ्या वाजवी. साहेबांनी शपथ पाळलीही होती. ते अशा भिंतींत पुन्हा कधी राहिले नाहीत.

त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त या खोलीचे स्मारक करावे असे ठरले. एका सकाळी व्यवस्थापक ती पाहायला आले आणि भिंतीसमोर थबकले.

"ओल कुठाय?"

"कसली ओल?" मावशी म्हणाल्या. "तुम्हीच सांगायचात ना, ओल नाहीच मुळी म्हणून?"

"नव्हतीच. पण होती कुठे ती?"

"ही काय, इथून तिथवर. काढली मी."

व्यवस्थापकांचा चेहरा उतरला. "परवानगी न घेता? अहो मावशी, ऐतिहासिक ओल होती ती!"

"मग खोकलाही इतिहासालाच लागायचा होता," पलंगावरून सासूबाई म्हणाल्या. "मला कशाला लागला?"

नियम स्पष्ट होता. खोली मूळ स्थितीत राखणे ही भाडेकरूची जबाबदारी. मावशींनी ओल पूर्ववत करून द्यावी, अन्यथा जागा सोडावी. माणुसकी म्हणून कार्यालयाने ओलीचा तज्ज्ञ आपल्या खर्चाने आणला. तो आठवडाभर भिंतीवर पाणी मारत होता. भिंत दाद देईना.

"प्लास्टर केलंय तरी कुणी हे?" तो हताश होऊन म्हणाला. "साहेबांच्या नव्या इमारतींतसुद्धा असं काम नाही."

नाइलाजाने वरचा पाइप पुन्हा फोडण्यात आला. ओल आली, पण तिला आकार आला तो शेजारच्या देशाचा. आणि त्या देशाशी साहेबांच्या मायदेशाचे जुने वैर. तेव्हा एका चित्रकाराला बोलावून सीमा दुरुस्त करून घेण्यात आल्या. सासूबाईंचा खोकला मात्र कोणत्याही तज्ज्ञाच्या मदतीशिवाय मूळ स्थितीत आला.

मग साहेब स्वतः पाहणीला आले. डागासमोर ते बराच वेळ उभे होते. त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यात खोटे काही नव्हते.

"ताई, तुमच्यासाठी मी काय करू?" त्यांनी मावशींना विचारले. "अगदी मोकळेपणी सांगा."

"दुसरं काही नको, साहेब. एवढी भिंत कोरडी करून द्या आणि आम्हाला इथेच राहू द्या. आईंना श्वास घेववत नाही."

साहेब विचारात पडले. इतके थोडे त्यांच्याकडे आजवर कुणी मागितले नव्हते.

"ती नुसती दुरुस्ती ठरेल हो, ताई," ते हळुवारपणे म्हणाले. "दुरुस्तीवर नावाची पाटी कुठे लावणार? त्यापेक्षा असं करू. माझ्या दवाखान्यात छातीच्या विकारांचा नवा विभाग सुरू झालाय. आईंना तिथे कायमची खाट देतो. मोफत."

"बाळा," सासूबाई खोकला आवरत म्हणाल्या, "तू इथे राहायचास, तेव्हा तुला काय हवं होतं रे? दवाखान्यातली खाट, की कोरडी भिंत?"

साहेब डागाकडे पाहत राहिले. उत्तर त्यांच्या ओठांशी आलेही असावे. पण तेवढ्यात छायाचित्रकाराने त्यांना जरा डावीकडे सरकायला सांगितले, आणि ते सरकले.

खोली रिकामी झाली. स्मारक उघडले.

आपणही गेलो होतो. दोरीच्या अलीकडून डाग पाहिला, साहेबांची शपथ ऐकली, रुमाल डोळ्यांना लावला. बाहेर पडताना पहारेकऱ्याला विचारले, "इथे कुणी बाई राहायच्या म्हणे. कुठे गेल्या हो त्या?" त्याला माहीत नव्हते.

दुसऱ्याच दिवशी मावशी आपल्या दारात उभ्या होत्या. आपली मागची खोली रिकामी आहे, असे त्यांच्या कानावर आले होते. सासूबाई पायरीवर बसून धापा टाकत होत्या. आपल्याला गलबलून आले. आपण खोली उघडून दाखवली. मावशींनी सवयीने भिंतीवर तळहात टेकवला आणि आपल्याकडे पाहिले.

"खिडकी उघडी ठेवली, की जाते ती," आपण म्हणालो.

"पाइप गळतोय," त्या म्हणाल्या. "मी बघते त्याचं."

त्या अटीवर आपण त्यांना खोली दिली. हिवाळा सुरू व्हायच्या आत भिंत खडखडीत कोरडी झाली. मागच्या अंगाने सकाळी आवाज येऊ लागला, "आहे गं मी अजून." त्याच सुमारास आपल्या लक्षात आले, की कोरड्या खोलीला भाडेकरू बरे मिळतात. आपण शांतपणे विचार केला. आवाज चढवला नाही, वाद घातला नाही. पुढच्या महिन्यापासून खोली दुसऱ्यांना दिली असल्याचे मावशींना वेळेवर सांगितले.

जाताना खोली मूळ स्थितीत करून द्यावी, अशी अट मात्र, माणुसकी म्हणून, आपण घातली नाही.